डावीकडून सायकल

१ ऑगस्ट, शुक्रवार

कमळच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एवढं सांगायला अलिबागच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्याने अख्खा दिवस खाल्ला आणि माझ्या मिनीडोरच्या, म्हणजे सहा आसनी रिक्षाच्या, सगळ्या फेऱ्या बुडाल्या.

डॉक्टरीण एवढीशी पोर. कॉलेजच्या नाटकात डॉक्टरचं काम करते म्हणाली असती तर पटलं असतं. मला समोर बसवून शिकवायला लागली. डोळ्यात दाब वाढतो म्हणे, मागची नस सुकत जाते, कडेकडेचं दिसणं आधी जातं. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला पत्ताच लागत नाही. मी म्हटलं, "म्हणजे दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही? एखाद्या आंधळ्याला विचारा, त्याला बरोबर कळतं." ती हसली नाही. हसायलाही अक्कल लागते. उलट म्हणाली, "काका, हा आजार रक्ताच्या नात्यात असतो. तुम्ही सख्खे भाऊ, तुम्हीही आजच तपासून घ्या."

मला! तीस वर्षं एसटी हाकली, कशेडी घाट धुक्यात उतरलो, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवला. आजही रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभं राहून आत येणाऱ्या होडीवरचा झेंडा कुणाचा ते सांगतो. तिला म्हटलं, "बाई, तुम्ही तुमच्या पेशंटकडे बघा."

येताना कमळ गाडीत बडबडत होती. तिला एका मोठ्या पांढऱ्या टोपल्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालायला लावलं होतं. "नजर समोर ठेवायची, दादा. कडंला कुठं बारीक दिवा लुकलुकला की हातातला बटण दाबायचा. जो दिवा चुकला, तिथला दिसना गेला." जत्रेतला खेळ आणि दवाखान्याची फी. रोज रात्री डोळ्यात एक थेंब घालायचा, जन्मभर. एका दिवसात लागली वाट.

५ ऑगस्ट, मंगळवार

भाचा निकेत पनवेलला असतो. मोबाईलच्या दुकानात कव्हरं विकतो आणि सगळ्या जगाला ज्ञान वाटतो. आईचा काचबिंदू कळल्याबरोबर त्याने कुरिअरने एक डबा पाठवला. वर निळ्या फळांचं चित्र. फोनवर मला म्हणाला, "मामा, अँटिऑक्सिडंट आहे. नस गंजत असते ना, ती गंजायची थांबते." नस काय पत्रा आहे गंजायला? आणि ती निळी फळं म्हणजे आपल्या करवंदांची परदेशी बहीण. दारात करवंदांची जाळी असताना हा डब्यातली मागवतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले लोक.

कमळनेही डबा फडताळावर ठेवून दिला, उघडलासुद्धा नाही. तेवढी शहाणी आहे. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, माझी बायको त्याच्या आधीच गेली होती, तेव्हापासून आमची चूल एकच आहे. भांडणंही एकच. ड्रॉप घालते, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून डोळे मिटून बसते. डोळे लाल होतात, घशात कडू लागतं म्हणते. मी म्हटलं, आजार दुखत नव्हता, औषध दुखतंय. पण ऐकत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. कमळने राखी बांधली. नारळीभातात गूळ कमी.

ओवाळण्याची मात्र शोभा झाली. एवढ्या वर्षांत बाईला ताट नीट फिरवता येत नाही. निरंजन समोर यायचं, मग कुठे गायब व्हायचं, मग एकदम पुन्हा नाकासमोर. मी म्हटलं, "अगो, दिवा कुठं खिडकीपर्यंत नेतेस काय? माणसाला ओवाळ, घराला नको." तशी ती थांबली. ताट हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, भात करपल्यासारखी. मग तिने ताट सावकाश डावीकडे नेलं असणार, कारण ते दिसेना, आणि मी नारळीभाताकडे वळलो.

तिलाच दिसत नाही बिचारीला. डॉक्टरीण खरं बोलली म्हणायची.

१३ ऑगस्ट, बुधवार

कमळ काल मला न सांगता दवाखान्यात जाऊन आली, तेही विनेशच्या मिनीडोरमधून. सख्ख्या भावाची गाडी दारात असताना! विनेश म्हणजे तो बोर्लीचा, जो गाणी लावल्याशिवाय गिअर टाकत नाही. विचारलं तर म्हणाली, "थोडा विचारायचा होता डॉक्टरणीला." काय विचारायचं होतं ते काही सांगितलं नाही.

पण परिणाम आज ताटात उतरला. शेवग्याचा पाला. शेवग्याची शेंग माणसं खातात, पाला शेळ्या खातात, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे. सोबत माठ, आणि आवळ्याची फोड. शिवाय ताटाशेजारी त्या निळ्या डब्यातली एक गोळी. म्हटलं, "डोळे तुझे गेलेत, गोळी मला कशाला?"

"मला एकटीला गिलवत न्हाय. तू घेतलीस तर मी घेईन."

घेतली. बहिणीच्या भित्रेपणाला औषध नाही. पण तिने स्वतःची घेतल्याचं काही मी पाहिलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती गेले. गावात घरोघरी बांगडा तळल्याचा वास आहे आणि माझ्या ताटात टाकळा, कुरडू, मायाळू, अळू. बांगडा मिळतो, पण पाल्याचा ढीग संपवल्यावर. सुकट बंद, खारं नको म्हणे. "डोल्यांना चांगला असतो, दादा." अगो, पण कुणाच्या? रानात उगवेल ते हिरवं आणायचं आणि शिजवायचं, एवढाच तिचा दवाखाना. स्वतःच्या ताटात मात्र वरण-भात नि चिमूटभर भाजी. एवढी श्रद्धा आहे तर स्वतः का नाही खात?

आज नाक्यावर डावा आरसा फुटला. कुणा शहाण्याने मासळीचा टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा केला होता. मी त्याला चार शब्द सुनावले तर म्हणतो, "नाना, सकालपासून इथंच उभा हाय मी." सकाळपासून चुकीच्या जागी उभं राहिलं म्हणून जागा बरोबर होते काय? हल्ली रस्त्यावर सगळे अचानक येतात. स्कूटर अचानक, कुत्रं अचानक, मुंबईकरांच्या काळ्या गाड्या अचानक. पूर्वी माणसं येताना दिसायची.

११ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून कमळ रोज माझ्या गाडीत. शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या टोपलीत घेऊन अलिबागला विकायला निघाली आहे. या वयात धंदा! बसायचं तर मागे बस, तर नाही, माझ्या डाव्या हाताला पुढेच बसायचं. आणि तोंडाचा पट्टा सुरू. "दादा, डावीकडून सायकल." "दादा, बाई उतरते हाय." "दादा, पोरा आली शाळंची."

मी आयुष्यभर कंडक्टर सोसले. घंटी मारणारी जात. गाडी चालवतो ड्रायव्हर आणि रुबाब कंडक्टरचा. आता म्हातारपणी घरातूनच एक निघाली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

"डावीकडून सायकल." सतरा वेळा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळ्यांची तोंडं बंद केली. लायसनच्या नूतनीकरणासाठी मेडिकल सर्टिफिकेट लागतं. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. मी शेवटची ओळ वाचली, खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, "वा, या वयात!" सही, शिक्का.

घरी येऊन कागद कमळच्या हातात दिला. "हे बघ. काचबिंदू रक्तात असतो ना? तुझ्या डॉक्टरणीला नेऊन दाखव."

तिने कागद धड वाचलाही नाही. विचारते काय, "कडंचा तपासला काय त्यांनी?"

"कडेला काय असतं गो? रस्ता समोर असतो."

यावर तिच्या डोळ्यांना पाणी. भावाचं चांगलं झालेलं बघून रडणारी ही एकच बहीण असेल. कागद घडी करून तिने परत दिला आणि भाजी निवडायला बसली. रात्री दुप्पट पाला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शीटं कमी झाली आहेत. लोक माझी गाडी भरत आलेली असताना मागच्या विनेशच्या गाडीत जाऊन बसतात. गाणी ऐकायला जात असणार. शाळेच्या बाईंनी तर पोरांना सरळ सांगितलं, "यात नको, पुढची घेऊ." आज नाक्यावर विनेशने सगळ्यांसमोर मला बाजूला घेतलं. "नाना, राग मानू नका, आता गाडी उभी करा. लोकांना भीती वाटते." काल मिसरूड फुटलेला पोरगा! स्वतःच्या गाडीला तीन ठिकाणी पोचे आहेत. नाचता येईना अंगण वाकडे, तसली याची गत. मी त्याला बिल्ला दाखवला. तो बिल्ल्याऐवजी कमळकडे बघत राहिला, आणि तिने मान खाली घातली. ही कुणाच्या बाजूची आहे कळत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कमळला ताप. "आज नको जाऊस, दादा," म्हणून माझा सदरा धरला. मी सदरा सोडवून गेलो. बरं वाटलं, कानाला आराम.

चौलच्या वळणावर सायकल अंगावर आली. अंबाजीची. पोस्टाच्या मागे राहतो, दूध घालतो. कुठून आला देव जाणे. गाडीला धक्का बसला तेव्हा कळलं. खाली उतरलो तर रस्त्यावर दूधच दूध आणि तो हात धरून बसलेला. मी ओरडलो, "डोळे फुटले काय रे?" तो कळवळत म्हणाला, "नाना, मी तर केव्हाचा तुमच्या शेजारनं चाललोय. घंटी पन मारली."

गाडीतल्या बायांनी मान हलवली. त्याच्या बाजूने. सगळ्यांनी.

हाताचं हाड मोडलंय. दवाखान्यात मीच नेलं, गाडी मागून आलेल्या विनेशने चालवली. मला ऊन लागलं होतं, म्हणून. तीस वर्षं एसटी आणि नंतरची ही सगळी वर्षं, कुणाच्या केसाला धक्का नाही. बिल्ला उतरवून कपाटात ठेवला.

आज मासळीही नको म्हटलं. कमळने तापातच उठून पेज दिली. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं, तो अचानक आला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज.

पाट, रांगोळी, सगळं केलं तिने. कुंकू लावलं आणि ओवाळायच्या आधी म्हणाली, "माझ्या नाकाकडं बघ. मान हलवायची न्हाय. डोले पन न्हाय."

म्हटलं, हे कुठलं शास्त्र?

"बघ म्हनते ना."

बघितलं. तिने निरंजनाचं ताट समोर धरलं आणि सावकाश, अगदी सावकाश डावीकडे न्यायला लागली. एक हातभरही गेलं नसेल, ज्योत विझली. मी म्हटलं, "विझला बघ. तेल घालायला शिक." ती म्हणाली, "मान वलव." मी वळलो. ज्योत जळत होती, चांगली सरळ. पुन्हा तिच्या नाकाकडे बघितलं. नाही. पुन्हा वळलो. आहे.

उजवीकडेही तेच. वरतीही. मी तिला तीन-चार वेळा करायला लावलं. हात हलवतेस म्हटलं, फुंकर मारतेस म्हटलं. तिने तोंडाला पदर लावला आणि पुन्हा केलं.

मग माझ्यासमोर ताट धरून बसली. मी पाकीट ठेवायला गेलो तर तिने हात मागे घेतला. "ह्यो नको. माझ्याबरोबर दवाखान्यात चल. हीच ओवालनी." भाऊबीजेच्या ताटात बहिणीने मागितलेलं नाही म्हणता येत नाही, हे ते बेणं जाणून होतं. म्हणून एवढे दिवस थांबली असणार.

येतो म्हटलं. दिव्याचंच काहीतरी आहे, पण येतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

टोपल्याच्या मशीनमध्ये तोंड घातलं. एक डोळा झाकला. हातात बटण. बराच वेळ काहीच नाही. मग मधोमध एक ठिपका, दाबलं. मग पुन्हा बराच वेळ काळोख. मी मशीनवरच्या मुलीला सांगितलं, "बाई, तुमचं मशीन बिघडलंय. दिवे लागतच नाहीत. दिवा लावा, मग दाबतो ना मी."

 मी पुन्हा म्हटलं. मग ती हळूच म्हणाली, "काका, दिवे लागतायत."

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी गप्प बसलो.

डॉक्टरणीने कागद समोर ठेवला. सगळा काळा, मधे रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा. कमळच्या कागदावर नुसता एक कोपरा काळा आहे. गेलेलं परत येत नाही, म्हणाली. मधलं उरलंय ते टिकवायचं, दाब उतरवायचा, ड्रॉप आजपासून, आणि गाडी आजपासून बंद. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अडीच महिने पाला खातोय. अँटिऑक्सिडंट. त्याचं काय?"

"पालेभाजी चांगलीच, काका. खात राहा. जास्त पालेभाजी खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो असं काही अभ्यासांत आढळलंय. त्या गोळ्यांचा पक्का पुरावा नाही. पण यातलं काहीही ड्रॉपच्या जागी चालत नाही. हे मी तुमच्या बहिणीला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. त्या विचारायला आल्या होत्या, जो माणूस दवाखान्यात येणारच नाही त्याला जेवणातून काय देता येईल."

मी कमळकडे बघितलं. बघायला मान पूर्ण वळवावी लागली. ती पिशवीचा बंद सोडत होती आणि बांधत होती.

२ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस बोललो नाही. आज बोललो आणि नको तेवढं बोललो. तुला राखीच्या दिवशी कळलं होतं. तीन महिने तू मला शेळीसारखा पाला चारलास. तेवढ्या काळात थेंब घातला असता तर थोडं अजून वाचलं असतं. अंबाजीचा हात वाचला असता. शेजारी बसून सायकली मोजत राहिलीस त्यापेक्षा चावी विहिरीत टाकायची होतीस. मूर्ख बाई. अडाणी बाई.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "व्हय. चुकला माझा. तुला सांगितला असता तर तू हसला असतास. बिल्ला दाखवला असतास. तू जेवतोस फक्त माझ्या हातचा, म्हणून जेवनात घातला. वाटला, पाल्यानं भागंल. डॉक्टरीन न्हाय म्हनली तरी मला वाटला भागंल."

"आणि तू का नाही खाल्लास?"

"एवढा पाला मिलतो कुठं रोज? आधी तुझा ताट, मग तुझ्या गाडीत बसायला टोपली, मला कुठचा उरतो?"

 सगळ्यांना आयुष्यभर अडाणी म्हटलं. डॉक्टरणीला, विनेशला, टेम्पोवाल्याला, निकेतला. कुणीही अचानक येत नव्हतं. सगळे आपल्या बाजूने नीट येत होते. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी डोळ्यात कडू औषध गेलंय म्हणालो. औषध घालायची वेळ झालेली नव्हती, हे तिला माहीत होतं.

रात्री तिने माझ्या डोळ्यात थेंब घातला, कोपरा बोटाने दाबून धरला. मग मी तिच्या डोळ्यात घातला. पहिला गालावर पडला. "नीट घाल, ड्रायव्हर," म्हणाली.

८ डिसेंबर, सोमवार

मिनीडोर अंगणात ताडपत्रीखाली आहे. कोंबड्यांनी तिच्यात घर केलं. अंडी आम्ही खातो, तेवढाच फेरीचा नफा.

आज आम्हा दोघांची तपासणीची तारीख. विनेशच्या गाडीने गेलो. त्याने कधी नव्हे ती गाणी बंद ठेवली, माझ्यासाठी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या घरी बसल्यासारखं वाटलं. म्हटलं, लाव रे बाबा. लावली. गाणी भिकार होती. कमळ सवयीने पुढे, डावीकडे जाऊन बसली. मी मागच्या, मागे तोंड करून बसायच्या बाकावर. उलटं बसून प्रवास करायची मला कधीच सवय नव्हती. रस्ता मागे पळताना दिसतो. तोही मधला तेवढाच.

दाब उतरलाय माझा. कमळचा तर होताच खाली. डॉक्टरीण हसली. दात बरे आहेत तिचे. शेवग्याचा पाला चालू ठेवा म्हणाली, आणि आम्ही दोघंही खातो का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आता अर्धा-अर्धा. आवडत नाही, पण अर्धा-अर्धा.

परत येताना चौलच्या वळणावर गाडी हळू झाली. अंबाजी होता. हाताचं प्लॅस्टर सुटलंय, सायकलला पुन्हा दुधाच्या किटल्या. तो जवळ आला आणि पुढून कमळचा आवाज आला.

"डावीकडून सायकल."

विनेश हसला. "दिसली, मावशी. मला दिसते."

कमळ ओशाळली. सवय, म्हणाली. गाडीतले सगळे हसले, मीही हसलो.

मला मात्र ती तेव्हाही दिसली नव्हती. ती म्हणाली म्हणून मी मान वळवली, आणि मग अंबाजी दिसला. त्याने बरा झालेला हात वर केला. मीही केला.